कड

आर्वीच्या अलीकडे, जिनिंगमागच्या टिनाच्या शेडात
रात्री अकराला लाइन येते.
शालिकभाऊ चष्मा चढवतात.
मुठीतलं ग्राइंडर
दातांच्या डॉक्टरकडच्या आवाजात सुरू.

पंखाची बरगडी. एकशे बारा भोकं.
अॅल्युमिनियमला ठिणगी नसते,
नुसता राखाडी भुसा,
भुवयांत, चहाच्या सायीवर.

'खाली ओरखडा तो ओरखडाच,
वर गेला की त्याची चीर होते.'
वर ते अजून गेलेले नाहीत.

घट्टे पडलेल्या बोटांना कड कळत नाही.
म्हणून बेबीनंदा कापसाचा पेळू
भोकाच्या काठानं फिरवते, हळू.
एक तंतू अडकतो.
'हे पाहा.'
पुन्हा ग्राइंडर.

एकशे नवव्या भोकाशी लाइन गेली.
अंधारात तिचा हात थांबला नाही.
'राहू दे वं आता.'
'बसान तं तुमीच न त्याच्यात.'