खडूची चौकट

सकाळी सातला ओरिसिया ह्नाट्यूक
बंद पडलेल्या विमानतळाच्या डांबरावर
वाकून खडूच्या चौकटी आखते
आणि एकेकीत नारिंगी शंकू बसवते,
रोपं लावावीत तशी.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं
सास्काचेवानच्या बर्फातून.
दोनदा खड्ड्यात गेले, म्हणते,
दोन्ही वेळा मी खड्ड्याकडेच बघत होते.

आधी चाल, म्हणते. मी चालतो.
पहिल्यांदा नुसते शंकू दिसतात,
कुणी पोतं उलटं केल्यासारखे.
दुसऱ्यांदा त्यांच्यामधली वाट.
तिसऱ्यांदा तळव्यांना उतार लागतो,
चौथ्या वळणाआधी, जेमतेम
पाणी साचेल एवढा.

गाडी बायकोची. आतलं सगळं गवतावर काढून ठेवलंय:
बाळाची खुर्ची, बर्फाचं खोरं,
हॉकीचा एकच बूट.
हेल्मेट उसनं. आत दुसऱ्या कुणाचा तरी घाम.

पहिल्या फेरीत रस्ताच चुकलो.
फलकावर वेळेच्या जागी नुसती रेघ.

दुसरीत टायर किंचाळले, मला वाटलं, काय वेग!
एकाहत्तर पूर्णांक चार.
ओरिसिया शेजारी, हाताची घडी घालून:
आवाज म्हणजे वेग नव्हे रे,
ते तक्रार करतायत. ऐकून घे.

तिसरी.
कुठे बघतोयस?
शंकूकडे.
ठप्.
म्हणून.

दुपारी शंकू उचलायची पाळी माझी,
चौथ्या वळणावर, टेव्हिश बेकरीवाल्यासोबत.
सत्तरीच्या पेल्टिएबाई आल्या
हिरव्या, गंजक्या गाडीतून,
इतक्या गुपचूप की मी घड्याळाकडे बघितलंच नाही.
गाडी अजून तिसऱ्या वळणात
आणि बाईंची मान चौथं ओलांडून
पलीकडच्या गव्हाकडे वळलेली.
बासष्ट, टेव्हिश म्हणाला. दरवेळी बासष्ट.

शेवटच्या फेरीत
ब्रेक सरळ रेषेत दाबला, सोडला, मग वळलो,
आणि उतारावर गाडी जराशी हलकी झाली
तेव्हा बघत होतो पुढच्या फाटकाकडे.
मागे काहीतरी डुललं.

आरशात टेव्हिश गुडघ्यावर बसलेला,
गाल डांबराला टेकवून
शंकूचा पाय खडूला शिवतोय का ते बघत.
बराच वेळ बसला.
मग हात आडवे पसरले: माफ.

अडुसष्ट पूर्णांक नऊ.
ओरिसिया काही बोलली नाही,
थर्मासचं झाकण भरून कॉफी पुढे केली.

बाळाची खुर्ची परत बसवताना
पट्ट्याचं कुलूप तीनदा हुकलं.
मी कुलपाकडेच बघत होतो.