पुरुमेंत

वाळपईच्या शाळेत चोवीस संगणक
आणि मे महिन्याचे उरलेले नऊ दिवस.
सगळ्यांच्या पोटातले जुने पुसून नवे भरायचे.
हेडमास्तर म्हणाले, "सीडी कुठेय?"
मी म्हणाले, "सीडी नसते आता, सर. तारेतून येते."
ते तारेकडे बघत राहिले,
खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेल्या.

पहिल्या दिवशी चूक माझीच.
चोवीसही एकदम चालू केले
आणि प्रत्येकाने तेच मागितले,
त्याच लांबच्या दारात, तीच यादी घेऊन:
तोच गाभा, तेच फाँट, छपाईचे तेच चार तुकडे,
देवनागरीचा तोच कळफलक.
एका साकवावरून चोवीस जणांनी
एकेक मूठ मीठ आणायला निघावे, तसे.
दुपारी तीनला सगळे एकतीस टक्क्यांवर.
साडेपाचला एकतीस.

मग आठवला कोपऱ्यातला तो,
बंद पडलेल्या खाणीच्या कचेरीने शाळेला दिलेला,
एका बाजूचा पत्रा नसलेला.
आत अजून लाल धूळ.
रंगाच्या ब्रशने झाडली, दोनदा शिंकले.
हीच धूळ बाबा अकरा वर्षे घरी आणायचे
भुवयांत, कॉलरच्या घडीत.
तेव्हा हा ट्रक मोजायचा.
त्याला म्हटले, आता तू मध्ये बस.
कुणी काही मागितले तर आधी तुझ्याकडे येईल.
नसेल तर तू आण.
आणि आणलेले टाकू नकोस.

त्याने नाव विचारले.
काळा पडदा, लुकलुकणारी उभी रेघ.
घरी आई त्याच आठवड्यात
सोलां उन्हात घालत होती, मिरच्या मोजत होती,
सुक्या बांगड्यांवर पाळत ठेवून
मांजराला शिव्या घालत होती.
मी टंकले: पुरुमेंत.

पहिला संगणक रात्रभर चालला.
दुसरा सतरा मिनिटांत.
तिसरा सोळा.
ऑफिसातली रोझालीन चहा घेऊन आली,
"आता खंयसून येतंय हे?"
"तीन पावलांवरून," मी म्हटले.

बारावा चालू असताना
फणसाची फांदी तारेवर पडली.
भिंतीवरचा हिरवा दिवा गेला.
तेराव्याला कळलेही नाही.
चौदावा, पंधरावा.
जग तुटलेले, आणि आम्ही आपले भरतोय.
खोटे कशाला बोलू, मला जरा मस्ती चढली.

एकोणिसावा अडला.
त्याची पडद्याची चिप वेगळ्या घराण्यातली,
तिला हवा होता एक तुकडा
जो आधीच्या अठरांपैकी कुणीच मागितला नव्हता.
सापडले नाही, असे दोन शब्द.
पुन्हा दाबले. तेच दोन शब्द.

साठवणीत तेच असते
जे आधी कुणाला तरी लागलेले असते.
बाबांच्या शेवटच्या पावसात
रगाडो भरून वाहत होता, पूल पाण्याखाली,
आणि घरात दीड खंडी तांदूळ होता, तेल होते,
खारवलेले आंबे होते गळ्यापर्यंत बरणीत.
ते एक इंजेक्शन
आमच्या कुठल्याच डब्यात नव्हते.

बाकीचे पाच मी उरकले.
एकोणिसावा दोन दिवस काळा बसून राहिला.
मग लाइनमन आला, दत्तगुरू गावस,
चढला, उतरला, पाणी मागितले.
हिरवा दिवा.
तो तुकडा निघाला केवढा? अर्ध्या फोटोएवढा.
पुरुमेंताने तो आणला, सही तपासली,
एक प्रत एकोणिसाव्याला दिली,
एक स्वतःकडे ठेवली.
तसली चिप असलेला दुसरा संगणक शाळेत नाही.
मी पुसला नाही.

चार जूनला मुले आली,
ओल्या चपला दाराबाहेर.
पहिल्याच तासाला पाचवीतल्या विश्रांतीने विचारले,
"मिस, ह्यात गेम आहे का?"
बघितले.
नव्हता.
आणला.