बारा एकोणीस

बारा वाजून एकोणीस मिनिटांनी
रामबागेतल्या आमच्या शाळेच्या गच्चीवर
मीटरभर काठी
(खरं तर पडद्याचा दांडा, भागीरथनं घासून दिलेला)
दिवसातली सर्वांत आखूड सावली टाकणार होती.
आठवीनं हे आधीच काढून ठेवलं होतं.
माझं काम एवढंच : टाकीवर चढून फोन धरायचा.
रेंज फक्त टाकीवर.

फोनमध्ये बिश्केक.
नकाशात इंदूरवरून बोट सरळ वर नेलं
की जवळजवळ तिथंच टेकतं.
तिथलं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास,
दुपार मात्र पाच मिनिटं मागे.
दीपेशला हे तीन दिवस पटत नव्हतं.
म्हणजे घड्याळ खोटं ना, मॅडम?
म्हटलं, घड्याळ सरकारी असतं रे,
दुपार नसते.

इंग्रजी दोन्हीकडे सारखंच मोडकं.
बेगिमाय म्हणाली, सावलीला त्यांच्यात क्योल्योक्यो.
आमची पोरं खिदळली.
मग तिच्यापुढे दोन शब्द ठेवले,
घरातला सावली, गल्लीतला परछाई.
तिनं घरातला उचलला.
साव्-ली,
तोंडात खडीसाखर धरून बोलावं तशी.

बारा सतरा. खजराण्याच्या बाजूनं ढग.
कुणी बोलेना.
यास्मीन तोंड वर करून
चहावर फुंकर मारावी तशी फुंकत राहिली.
एकोणीसला ऊन आलं, फिकं,
पण काठीला पुरेसं.
शाल्मलीनं खडू टेकवला.
बेचाळीस सेंटिमीटर.

मग त्यांची पाच मिनिटं.
पडद्यावर बर्फाचे डोंगर, आणि वारा,
वारा इतका की आमच्या टाकीवरही ऐकू येत होता.
नुरलानच्या हातात काठी हलत होती.
आम्ही इथून ओरडत होतो, सीधी पकड, सीधी!
त्याला काय कळलं कोण जाणे,
त्यानं दोन्ही हातांनी धरली.
सत्त्याण्णव.

दोन फळ्यांवर एकच गणित,
आकडे तेवढे सगळ्यांना वाचता येणारे.
पृथ्वीचा घेर आला
सदतीस हजार सातशे सत्तर.
पुस्तकात चाळीस हजार आठ.

नुरलान मान खाली घालून काहीतरी म्हणाला.
बेगिमायनं भाषांतर केलं, एकच शब्द : वारा.
मोठे सर जिन्यातूनच म्हणाले,
अहवालात बरोबर आकडा घाला.

यास्मीननं मात्र वजाबाकी केली होती.
कमी पडले दोन हजार दोनशे अडतीस.
आणि इंदूर ते बिश्केक,
काल आम्हीच नकाशावर मोजलेलं,
दोन हजार दोनशे चाळीस.
मॅडम, तेवढंच गायब झालंय,
ती म्हणाली,
फक्त दोन राहिले.
दोन तर रामबाग ते राजवाडा.
पायी.

मी खाली उतरले. हात भरून आला होता.
अहवालात कुठला आकडा घातला
ते सांगत नाही.
खडूची रेघ अजून गच्चीवर आहे,
तिच्यावरून सावली केव्हाच सरकून गेली.
उद्या पुन्हा. वारा नसेल तर.