तोडीचा देश

एलिझाबेथ, न्यू जर्सी. खिडकीत चार क्रेन,
आणि समुद्र असलाच तर त्यांच्या मागे.
दुसऱ्या मजल्यावर डोंब्रोव्स्की अँड सन्स, कस्टम्स ब्रोकर.
सन्स नाहीत. मी आहे,
एकोणीस वर्षं दुसऱ्यांचा माल कागदावर उतरवते.

आज लाकडी फळं. सावंतवाडीहून, एडिसनच्या केरकरांसाठी,
दोनशे चाळीस नग, तीन पेट्या, बोट परवा लागते.
पहिल्याच रकान्यात अडले.
फळं लिहिलं तर शेतीखात्याचा माणूस धावत येईल,
लाकूड लिहिलं तर विचारतील कुठलं,
कूळ काय, जात काय.
जात विचारणारे रकाने मागे टाकून आले होते,
इथे ते लॅटिनमध्ये भरावे लागतात.

फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ.
भास्कर चितारी हात पुसत बोलतात:
"केळा पांगाऱ्याचा. अननस पण पांगाऱ्याचो.
फणस आंब्याचो. आंबो फणसाचो.
थोडे आंबे मात्र आंब्याचेच."
थोडे म्हणजे किती?
"रंग चढलो काय कोण सांगतलो?"

पळसाला पानं तीनच, पांगाऱ्यालाही तीनच,
पण फॉर्मचं तेवढ्यानं भागत नाही.
लिहिते: एरिथ्रिना वेरिएगाटा. मँगिफेरा इंडिका.
आर्टोकार्पस हेटेरोफिलस, हा दरवेळी टाइप करताना चुकतो.
नियम असा, की नक्की माहीत नसेल
तर जी जी असू शकतात ती सगळी नावं लिहा.
इतका समजूतदार नियम
मी माणसांबद्दल कुठे वाचला नाही.

झाड कोणत्या देशात तोडलं?
"तोडूक नाय. पडला. जुलैच्या वाऱ्यात,
परबांच्या गोठ्यार. गोठो गेलो, लाकूड माका मिळाला."
रकान्यात वाऱ्याला जागा नाही.
भारत, लिहिते.

आता तुम्ही वाट बघत असाल, की मी म्हणेन,
मग माझा तोडीचा देश कोणता.
नाही म्हणणार. माझा फॉर्म वेगळा होता,
फी भरून कधीच फाइलला लागलाय.

वजन किलोत. पेट्यांना भट्टीत तापवल्याचा शिक्का आहे, फोटोत दिसतो.
गेल्या खेपेचा भाताचा पेंढा इथे जाळला होता,
म्हणून यंदा वर्तमानपत्रं:
एका केळ्याच्या अंगाभोवती
कुडाळच्या कुणाचं तरी वर्षश्राद्ध.

गुरुवारी माल अडला.
एका नगापायी. पेरू. सालीवर बारीक काळं भोक,
भोवती तपकिरी कड, किंचित ओलसर.
इन्स्पेक्टर लोरेटा पिट्स यांनी टॉर्च लावला,
भिंग लावलं, मग सुई.
सुई आत जाईना.
पुन्हा घातली, दुसऱ्या कोनातून.
अळी नव्हती, भुंगेरा नव्हता, भुसाही नव्हता.
रंग होता. चार केसांच्या कुंचल्यानं काढलेलं
कीड लागलेल्या पेरूचं भोक.

सहा दिवस. गोदामाचं भाडं चारशे दहा डॉलर.
अहवालात दोन ओळी:
कीटक आढळला नाही.
छिद्र आढळले नाही.
डोंब्रोव्स्की म्हणाले, कळव त्या माणसाला,
पुन्हा असलं काही नको.

कळवलं. जरा कडक आवाजातच.
टॉर्च सांगितला, भिंग सांगितलं, सुई सांगितली,
केरकर किती चिडलेत तेही.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही,
लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.
मग हळूच, शेजारच्यांना कळू नये तसं:

"सुय घातल्यान?"
हो.
"दोनदा?"
दोनदा.

"म्हणजे जमला म्हणूचा."