अर्थ

दिवे लावले की पेट्रोल वाढतं,
ब्रेक दाबला की इंजिन तापतं –
काट्यापुरतं. चौसष्टची फियाट,
बाबांनी निपाणीच्या तंबाखूवाल्याकडून घेतलेली.

उद्यमबागेत दुंडाप्पा डॅशखाली उताणा शिरला.
बाहेर फक्त पाय, आणि आवाज:
"मीटर बरं हाय, मालक. टाकीतला फ्लोटबी.
अर्थ इल्ला."

एक काळी वायर. गंजका स्क्रू.
पॉलिश पेपरनं त्यानं पत्रा
उजळ होईस्तोवर घासला,
वॉशर बदलून आवळला.
"दिवे लावा."
लावले. काटा हलला नाही,
शून्याला टेकलेला, खरा.

बाबा टाकीत वेत बुडवायचे,
ओल कुठवर, नखानं मोजायचे.
मी हसायचो.

डिकीत स्टेपनीमागं तो वेत अजून आहे.
दुंडाप्पा बाटली घेऊन
पंपाकडं निघाला.