उर्फ

जामनेर रोडला, मोटारपंपाच्या दुकानावर
वारके वकिलांची खोली.
कूलर पाणी फेकतो, कागदांचे कोपरे ओले,
बाहेर पंचेचाळीस.

"मालमत्ता कुठे कुठे?"
भुसावळला दोन खोल्या. बँकेत ठेव. चार पाटल्या.
आणि स्वान्सीला, समुद्राकडच्या चढावर,
तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट.
खिडकीतून भरती दिसते.
ती बघताना मला तापी आठवायची नाही,
खोटं कशाला सांगू.

ते हसत नाहीत. लिहितात.

"मूलबाळ?" नाही.
"पती?" वारले, सावद्याला. मी नाइट ड्यूटीवर.
पत्र आलं तेव्हा तेरावंही उलटून गेलेलं.
"घटस्फोट?"
कुणी मागितला नाही. मीही नाही.

वकील चष्मा पुसतात.
"मग ताई, कागद न करता गेलात
तर इथली तुमची कमाई
पतीच्या वारसांकडे जाईल."

म्हणजे थोरला दीर.
ज्यानं माझी ट्रंक अंगणात फेकली,
कुलूप तुटलं, परकर वाऱ्यावर.
एकतीस वर्षं मी परक्या म्हाताऱ्यांच्या
रात्री दोन वाजता कुशी बदलल्या,
आणि त्या पैशाला अजून
सावद्याचा रस्ता पाठ!

लिहा, म्हटलं.
इथलं सगळं चेतनाला. भाचीची मुलगी.
निंभोऱ्याला जळक्या मोटारी भरते,
तांब्याच्या तारेनं बोटं चिरलेली,
गिऱ्हाईक अजून विचारतं, "मिस्तरी कुठी गेला?"

दुसऱ्या दिवशी कच्चा मसुदा.
पहिलंच वाक्य, सवयीनं टाइप झालेलं:
यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी याद्वारे रद्द करीत आहे.

थांबा.
स्वान्सीला मी एक करून आलेय.
त्यात फ्लॅट मर्लिंडाचा.
फिलिपिन्सची. सोळा वर्षं एका वॉर्डात,
पुढे एका छताखाली.
मला न्यूमोनिया झाला तेव्हा
तिनं भातात आलं घालून पेज केली,
मी म्हटलं, मीठ कमी आहे.
हे वाक्य इथून, कूलरच्या वाऱ्यात बसून,
तिच्या हातातली किल्ली काढून घेणार होतं.

वकिलांनी कपाळाला हात लावला. खोडलं.
वर लिहिलं: फक्त भारतातील मालमत्तेपुरते.
खाडाखोडीशेजारी मी छोटी सही केली,
हात जरा कापला,
सलाइन लावताना कधी कापला नव्हता.

"आता नावं. सगळी. एकही सुटायला नको."
कस्तुरा पुंडलिक फेगडे.
पासपोर्टात फेगडे एका स्पेलिंगनं, बँकेत दुसऱ्या.
वॉर्डात सिस्टर कॅस, ते सोडा.
"लग्नातलं?"
तांदळाच्या ताटात अंगठीनं कोरलेलं,
तीन वर्षं हाकेला ओ दिलेलं,
नंतर पन्नास वर्षं कुणी न उच्चारलेलं.
मीनाक्षी, म्हटलं.
आवाज कुणा दुसरीचाच आला.
त्यांनी टाइप केलं: उर्फ.
तिला दाराबाहेर ठेवायचं
तर आधी नावानिशी आत घ्यावं लागतं.

साक्षीला खालचा चक्कीवाला, भुवयांपर्यंत पीठ,
आणि रेल्वेतून रिटायर झालेले झोपे गार्ड.
त्यांनी कागद वरखाली पाहिला.
"मले ह्याच्यातलं काही मियनार नाई ना?"
नाही.
"मंग आन पेन."

संध्याकाळी फोन. तिकडे पाऊस, दुपार.
मर्लिंडा म्हणाली, स्वयंपाकघरातला पाइप गळतोय,
प्लंबर महाग सांगतोय, काय करू?
किल्लीचं मी तिला सांगितलेलं नाही.
बोलाव त्याला, म्हटलं.
घर अजून माझं आहे,
बिल मला पाठव.