येऊलो

फोन दोनदा थरथरला, शेगडीच्या कट्ट्यावर.
लुमाण्णाचा निरोप, इंग्रजी अक्षरांत.
बी-ए-आय.
म्हणजे मी. बाई.
पुढं एकटाच एम, स्वराशिवाय,
प्रार्थनेला उशिरा आलेल्या पोरासारखा दारात.
मग व्ही-ए-टी.
वाट, की वात, की सरकारचा कर?
चष्मा पुसून
मी संदर्भासहित स्पष्टीकरण करत बसते.

जांबोटीच्या शाळेत एकोणतीस वर्षं
तांबड्या शाईनं वेलांट्या फिरवल्या.
पाणी दीर्घ, आणि ऱ्हस्व,
दोघांना एका घागरीत भरू नका रे.
पोरं हसायची
आणी पुन्हा भरायची.

हा लुमाण्णा मोदगेकर, तिसऱ्या बाकावरचा.
'माझे गाव' ह्या निबंधात लिहिलंन्,
आई शेणी थापूलिया, बाबा बाजारास्नं येऊलाय.
दोन्हीवर मी काट मारली.
वर लिहिलं, थापत आहे. येत आहेत.
समासात, बोलीभाषा टाळा.
दहापैकी चार.
माझी आई तरी दुसरं काय बोलायची?
ते मी रोज फाटकाबाहेर ठेवून आत जायची,
चपलेसारखं.

सातवीनंतर तो कन्नड शाळेत गेला.
आता खानापुरात कचेरीत बसतो.
माझ्या पेन्शनचा अर्ज त्यानंच लिहिला, कन्नडात,
एक दीर्घ चुकला नाही, साहेब म्हणाले.
मी खाली मराठीत सही केली,
बोट दाखवलं तिथं.
बसची पाटी मी अजून अक्षर अक्षर जुळवत वाचते.
परवा हल्याळच्या गाडीत चढले.
'अक्का, इळीरी,' कंडक्टर म्हणाला, हळूच,
चारचौघांत लाजू नये इतक्या हळू.
दहापैकी चार.

निरोपातला एक शब्द राहिलाय.
वाय-ई-यू-एल-ओ.
डोळ्यांना काही लागेना.
मोठ्यानं वाचला, रिकाम्या स्वयंपाकघरात.
ये.
ऊ.
लो.
अगं बाई.
हा तर तोच, काट मारलेला.
बावीस वर्षं कुठं होता?
परक्या अक्षरांच्या आडोशाला,
जिथं वेलांटीच नाही,
आणि माझी दौत पोचत नाही.

उत्तर लिहायला घेते, देवनागरीत, सवयीनं.
'ये. मी वाट पाहत आहे.'
पूर्णविरामासकट.
वाचून बघते. मुख्याध्यापकांना लिहिल्यासारखं वाटतं.
पुसते.
आमच्याकडं बाईमाणूसही येतो, जातोच म्हणतं,
ह्यावर तर मी अख्खा तास घेतला होता एकदा.
'ये की. वाट बघूलो.'

फोन लगेच शेवटच्या शब्दाखाली
तांबडी रेघ ओढतो.
बारीक, नागमोडी, अगदी माझ्या हातची.

राहू दे.
पाठवते, आणि आधणात
आणखी एक कप पाणी ओतते.